सहा अंकांची वर्गणी आणि सातेरीचं देऊळ : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात सहा जणांचा गट दर रविवारी दुपारी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो. एक जण गेम मास्टर, म्हणजे आख्यान चालवणारा असतो, बाकीचे पाच आपापली पात्रं चालवतात. दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. आख्यान ठरलेलं असतं, संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, समोरचा काय बोलेल त्यावर आपलं बोलणं ठरतं. इथे फरक एवढाच की तलवार लागली की हुकली हे वीस पैलूंच्या फाशावर ठरतं.

गेम मास्टरला दर काही आठवड्यांनी नवं साहस, म्हणजे खेळायचं नवं आख्यान लागतं. सगळं स्वतः रचायचं तर आठवड्याचे पाच-सहा तास जातात. म्हणून गटाने ब्रिटनमधल्या एका द्वैमासिकाची छापील वर्गणी घ्यायचं ठरवलं. प्रत्येक अंकात दोन-तीन बैठकांत खेळून होईल असं एक पूर्ण साहस आणि मधोमध घडी घातलेला ए-२ आकाराचा नकाशा. गटातल्या एका हायस्कूल शिक्षकाने आपल्या नावावर वर्गणी भरली. पुढे त्यांना नुसतं ‘वर्गणीदार’ म्हटलं आहे. गाव, मासिक आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत.

या छंदात मासिकांची परंपरा जुनी आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला आणि ‘ड्रॅगन’ मासिक १९७६ साली. फक्त साहसं छापणारं ‘डंजन’ १९८६ चं. ही दोन्ही छापील मासिकं सप्टेंबर २००७ मध्ये थांबली, ‘ड्रॅगन’ ३५९ व्या अंकावर आणि ‘डंजन’ १५० व्या अंकावर. तेव्हा ती काढणाऱ्या ‘पायझो’ने वर्गणीदारांच्या उरलेल्या अंकांचा हिशेब केला आणि त्याबदल्यात ‘पाथफाइंडर’ ही नवी मासिक पुस्तकमाला घेण्यासारखे पर्याय पुढे ठेवले. हे इथे सांगायचं कारण असं की वर्गणी महिन्यांत मोजायची नसते, अंकांत मोजायची असते. प्रकाशक वर्षभराचे पैसे घेतो तेव्हा तो सहा अंकांचं देणं डोक्यावर घेतो. या प्रकरणातला पत्रव्यवहार शेवटी सुटला तो याच हिशेबाने.

जानेवारी २०२४ मध्ये परदेशी टपालासह ६० पौंड भरले गेले. पहिल्या प्रयत्नात कार्ड नाकारलं गेलं, कारण त्यावरचा परदेशी ऑनलाइन व्यवहारांचा खटका बंद होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड तसंच बंद मिळतं, बँकेच्या अ‍ॅपमधून ते चालू करावं लागतं. पौंड तेव्हा १०५ रुपयांच्या आसपास होता. चलनबदलाचा साडेतीन टक्के आकार आणि त्या आकारावरचा १८ टक्के जीएसटी धरून साधारण ६,५६० रुपये झाले. प्रत्येकी अकराशेला थोडे कमी.

अडचण

फेब्रुवारीचा अंक मार्चअखेर आला, एप्रिलचा मेच्या मध्यावर. दोन्ही धड. जूनचा अंक ३ जूनला रवाना झाल्याचा मेल आला आणि अंक मात्र आलाच नाही.

एरवी हे सोसलं असतं. पण एप्रिल, जून आणि ऑगस्ट या तीन अंकांत मिळून एकच तीन भागांचं साहस होतं. गटाने पहिला भाग खेळून संपवला होता.

१४ जुलैला वर्गणीदारांनी ग्राहक सेवेला दोन ओळींचा मेल टाकला : मासिक अजून मिळालं नाही, कृपया पाहावं. अंक क्रमांक नाही, वर्गणी क्रमांक नाही. उत्तर ठरावीक साच्याचं आलं : परदेशी टपालाला आठ आठवडे लागू शकतात, त्यानंतरही न मिळाल्यास पुन्हा लिहा. सोबत तिकीट क्रमांक होता. आठ आठवडे २९ जुलैला भरले. शाळेच्या घाईत पुन्हा लिहायचं राहून गेलं आणि तिकीट सात दिवस हालचाल नाही म्हणून आपोआप बंद झालं.

ऑगस्टचा अंक २ ऑगस्टला निघून ४ सप्टेंबरला पोचला. प्लास्टिकची पिशवी एका कोपऱ्यात फाटलेली, आत ओल. चवथ तीन दिवसांवर होती, घरात रंगकाम आणि माटवीची तयारी चाललेली. पाकीट कपाटावर ठेवलं गेलं ते पाच दिवसांचा गणपती पोचवून १२ सप्टेंबरला उघडलं. पिना गंजून कागदावर तांबूस डाग उतरले होते आणि नकाशाच्या घड्या एकमेकींना चिकटून पुठ्ठा झाला होता.

ऑक्टोबरचा अंक ४ ऑक्टोबरला निघाला, तोही आला नाही. त्यात ५ नोव्हेंबरला, दिवाळी नुकतीच सरली असताना, प्रकाशकाचा मेल आला : नूतनीकरणाचा व्यवहार अयशस्वी, खातं स्थगित. स्थगितीचा अर्थ खात्याच्या पानावर शोधल्यावर कळला. डिसेंबरचा अंक, ज्याचे पैसे जानेवारीतच भरले होते, तोही आता रवाना होणार नव्हता.

कारणाचा शोध

१० नोव्हेंबरच्या रविवारी गट खेळायला जमला आणि फाशांऐवजी पाकिटं टेबलावर आली. कोणीतरी ऑगस्टच्या अंकाचं पाकीट टाकून न देता जपलं होतं, हे नशीब. त्यावरची पत्त्याची चिठ्ठी अशी होती : वर्गणीदारांचं नाव, ‘घर क्र. २१२, श्री देवी सातेरी मंदि’, वेंगुर्ला, सिंधुदुर्ग, महाराष्ट्र, ४१६५१६. बाजूला पेनने इंग्रजीत ‘नॉट नोन’ असा शेरा मारून मग खोडलेला.

प्रकाशकाच्या फॉर्ममध्ये पत्त्याची एक ओळ ३५ अक्षरांपर्यंतच छापली जात होती. वर्गणीदारांनी आपण रोज लिहितो तसा पत्ता एका ओळीत लिहिला होता : घर क्रमांक, देवळाजवळ, वाडी, मु.पो. गाव. रोमन लिपीत तो सत्तर अक्षरांच्या वर जातो. फॉर्मने तो निमूट स्वीकारला आणि छापताना मागचा भाग कापला. म्हणजे वाडी गेली आणि गावही गेलं. राहिली सातेरी. दक्षिण सिंधुदुर्गात सातेरी ही किती गावांची ग्रामदेवता आहे हे इथल्या वाचकाला सांगायला नको. खुद्द वेंगुर्ले शहरात तिचं मोठं देऊळ आहे. टपालखात्याच्या दृष्टीने ते पाकीट शहरातल्या सातेरीजवळच्या घराचं होतं.

पिनकोड बरोबर असताना असं कसं, हा प्रश्न गटात दोनदा विचारला गेला. पिनकोड पाकीट वितरण करणाऱ्या कार्यालयापर्यंत आणतो, दारापर्यंत नाही. एकाच पिनखाली तालुक्याचं उपडाकघर आणि त्याला जोडलेली गावोगावची शाखा डाकघरं असतात. त्यातलं कुठलं, हे गावाच्या नावावरूनच ठरतं. पहिले तीन आकडे तर त्याहून ढोबळ : ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग तिन्ही येतात. १९७२ साली ही पद्धत आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे कोकणातलेच, पण सहा आकड्यांत वाडी मावावी अशी अपेक्षा त्यांनीही केली नसणार.

दुसरी चूक ‘शहर’ आणि ‘जिल्हा’ या रकान्यांची. ‘काउंटी’च्या जागी सिंधुदुर्ग लिहिलं ते ठीक. पण पाकिटावर गाव नसेल तर सिंधुदुर्ग या एका शब्दाने मदत होत नाही, उलट ओरोसचं सिंधुदुर्गनगरी आणि मालवणचा किल्ला असे दोन जादा फाटे फुटतात.

मग पहिले दोन अंक कसे पोचले? सोमवारी वर्गणीदार उपडाकघरात गेले तेव्हा उलगडा झाला. मेपर्यंत तिथे टपाल लावणारा कर्मचारी त्यांच्याच गावचा होता, नाव वाचूनच तो पाकीट गावच्या पिशवीत टाकायचा. मेअखेर त्याची बदली झाली. नव्याने आलेल्याने ऑगस्टचं पाकीट दाखवल्यावर सांगितलं, “नाव वळखीचा हा, पण वाडी खंयची ता कळाक नाय.” पाकीट शहरात फिरलं, परत आलं, पुन्हा कोणीतरी ओळखलं म्हणून गावात गेलं. ऐन पावसात टपालाच्या पिशवीतल्या या जादा फेऱ्यांत ते भिजलं. थोडक्यात, पहिले दोन अंक पत्त्याच्या जोरावर आलेच नव्हते. ओळखीवर आले होते.

नूतनीकरणाचा घोळ मात्र वेगळ्या मुळाचा. ऑक्टोबर २०२१ पासून भारतीय कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ग्राहकाने एकदा ओटीपीसारख्या जादा पडताळणीने ई-मँडेट (अशा वसुलीची आगाऊ परवानगी) नोंदवावं लागतं आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी लागते. १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण मूळ मँडेट हवंच. परदेशातला लहान प्रकाशक या व्यवस्थेत बहुधा नसतो, म्हणून बँक व्यवहार नाकारते. कार्ड चांगलं, शिल्लक पुरेशी, तरी नकार. प्रकाशकाच्या यंत्रणेला मात्र यातून एकच अर्थ कळतो : ग्राहकाने पैसे दिले नाहीत.

समोर असलेले पर्याय

पहिला विचार कार्डाच्या वादाचा, म्हणजे चार्जबॅकचा : आपल्या बँकेकडे तक्रार करून भरलेले पैसे परत मागण्याचा. माल मिळाला नाही या कारणाखाली कार्ड कंपन्यांच्या नियमांत साधारण १२० दिवसांची मुदत असते आणि ती पैसे भरल्यापासून नव्हे, माल अपेक्षित असलेल्या दिवसापासून मोजली जाते. जूनच्या अंकासाठी २९ जुलै हा अपेक्षित दिवस धरला तर मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती. म्हणजे हातात सोळा दिवस. (बँकेची अंतर्गत मुदत याहून कमी असू शकते, ती आधी विचारून घ्यावी.) गटातले दोघे याच बाजूचे होते. विरोधात मुद्दा असा की सहातल्या दोन अंकांसाठी अंशतः वाद घालणं किचकट, कागदपत्रं लागणार, आणि वाद दाखल होताच बहुतेक विक्रेते खातं गोठवतात. खात्यासोबत आधीच्या अंकांच्या पीडीएफही जाणार. शिवाय वाद हा शेवटचा दरवाजा असतो. तो वाजवल्यावर ग्राहक सेवेतला माणूस बोलायचा थांबतो आणि त्यांचा लेखा विभाग बोलू लागतो.

टपालखात्याकडे तक्रार हा दुसरा. १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर ती करता येते, पण अंक साध्या छापील टपालाने येत होते. परदेशी टपालाचा माग काढायचा तर दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं असा तेरा चिन्हांचा क्रमांक लागतो. तो नसेल तर चौकशी कशाची करणार? म्हणून हरवलेल्या अंकांसाठी तक्रार निरर्थक होती. उपडाकघरात जाऊन समक्ष बोलणं मात्र उपयोगी होतं, आणि ते झालंच होतं.

ग्राहक आयोग किंवा १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन यांचा विचार दोन मिनिटांत संपला. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकाला नियमितपणे माल विकणाऱ्या परदेशी विक्रेत्यालाही धरतात हे खरं. पण दोन-तीन हजारांच्या मालासाठी, भारतात कार्यालय नसलेल्या प्रकाशकाच्या मागे लागणं वेळेच्या हिशेबात बसत नव्हतं.

नवं कार्ड टाकून स्थगिती उठवावी असंही एकाने सुचवलं. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा मार्ग होता. तसं केलं असतं तर पुढच्या वर्षाचे ६० पौंड गेले असते, जुना पत्ता तसाच राहिला असता आणि डिसेंबरचा अंक जुन्या वर्गणीतला की नव्या, हा नवा वाद उभा राहिला असता.

राहिला पर्याय ग्राहक सेवेला पुन्हा लिहिण्याचा, पण या वेळी नीट. तोच निवडला. चार्जबॅक बाजूला ठेवला, सोडून दिला नाही. २४ नोव्हेंबरपर्यंत समाधानकारक उत्तर आलं नाही तर २५ ला बँकेत अर्ज, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

प्रत्यक्ष कृती

११ नोव्हेंबरला एकच मेल गेला, आणि तो नव्या तिकिटाखाली नव्हे तर १४ जुलैच्या जुन्या तिकिटाला उत्तर म्हणून. याला दोन कारणं. नवं तिकीट रांगेच्या शेवटी जातं. आणि प्रकाशकाच्या अटींत न मिळालेल्या अंकाचा दावा रवानगीपासून ९० दिवसांत करायचा होता. जूनच्या अंकाची ती मुदत १ सप्टेंबरला संपली होती, पण १४ जुलैचा तो आळशी दोन ओळींचा मेल मुदतीतला होता. त्याच्या साखळीतच पुढे लिहिल्यामुळे दावा मुदतीत ठरवता आला.

मेलमध्ये रागाचं एक वाक्य नव्हतं, आणि ते सौजन्यापोटी नव्हे. ग्राहक सेवेतला माणूस मेल वाचून काहीतरी बटण दाबणार असतो, ते कुठलं हे त्याला पहिल्या पाच ओळींत कळलं पाहिजे. म्हणून सुरुवातीला वर्गणी क्रमांक, ऑर्डरची तारीख, रक्कम. मग सहा अंकांची स्थिती, एकेका ओळीत : फेब्रुवारी मिळाला, एप्रिल मिळाला, जून नाही, ऑगस्ट भिजलेला, ऑक्टोबर अजून नाही, डिसेंबर स्थगित. ऑक्टोबरबद्दल खरं तेच लिहिलं : आठ आठवडे झालेले नाहीत, पण चिठ्ठी तीच आहे म्हणून शंका आहे. हे वाक्य काढून टाकावं असं एकाचं म्हणणं होतं. ते ठेवलं गेलं, आणि बाकीच्या दाव्यावर विश्वास बसायला त्याने मदतच झाली असावी.

त्यानंतर कारण : तुमच्या फॉर्मने पत्ता ३५ अक्षरांवर कापला, हा चिठ्ठीचा फोटो. फोटो चार. पूर्ण पाकीट, चिठ्ठी जवळून, फाटलेला कोपरा, उघडलेला अंक आणि त्याच्या गंजलेल्या पिना. प्रत्येक फोटो एक एमबीच्या आत, कारण मोठ्या जोडण्या तिकीट यंत्रणा कधी कधी गुपचूप गाळते.

शेवटी मागणी, आणि प्रत्येक मागणीला एक पर्याय. जून आणि ऑक्टोबरचे अंक पुन्हा पाठवा, शिल्लक नसतील तर पीडीएफ द्या आणि वर्गणी तितक्या अंकांनी वाढवा. ऑगस्टचा पूर्ण अंक नको, नकाशाची छपाईयोग्य पीडीएफ पुरे. डिसेंबरचा अंक जानेवारीच्या रकमेतला आहे, स्थगितीतून सोडा. आपोआप नूतनीकरण बंद करा. ‘पैसे परत’ हा शब्द मुद्दाम टाळला. परताव्याला लेखा विभागाची मंजुरी लागते, अंक वाढवणं ग्राहक सेवेतला माणूस स्वतः करू शकतो.

पत्ता नव्याने दिला. गावातलं घर सोडून, गटातल्याच एकाच्या वेंगुर्ले बाजारपेठेतल्या मेडिकल दुकानाचा, ‘द्वारा’ म्हणून. दुकानावर टपाल रोज येतं, माणूस दिवसभर असतो आणि औषधांमुळे कोरडी जागा असते. ओळी अशा पाडल्या की एकही ३० अक्षरांच्या वर जाणार नाही : नाव, द्वारा दुकान, गल्ली, वेंगुर्ला, सिंधुदुर्ग आणि महाराष्ट्र, पिन. देऊळ, शाळा, अमक्याच्या समोर असल्या खुणा वगळल्या आणि मोबाइल क्रमांक त्याच्या स्वतंत्र रकान्यात टाकला. सोबत विचारलं की पुढच्या अंकाच्या चिठ्ठ्या कधी छापल्या जातात. हा प्रश्न फार कमी जण विचारतात. चिठ्ठ्यांची यादी रवानगीच्या दोन-तीन आठवडे आधी गोठवली जाते. त्यानंतर बदललेला पत्ता खात्यावर नवा दिसतो, पण पाकिटावर जुनाच येतो.

भिजलेल्या अंकावर काम मात्र त्याआधी, सप्टेंबरातच झालं होतं. अशा मासिकांचा चकचकीत कागद मातीसारख्या लेपाचा असतो. ओला असताना तो लेप मऊ होतो आणि सुकताना दोन पानं एकमेकांना घट्ट धरतो. म्हणून पानं ओली असतानाच वेगळी करायची असतात, सुकवून नंतर नाही. गंजलेल्या पिना चपट्या सुरीने उलट्या बाजूने उचलून काढल्या, पानांमध्ये बटर पेपर घातला आणि अंक पंख्याखाली ठेवला. उन्हात नाही, कारण उन्हात कागद वाकतो आणि रंग उडतो. पावसाळ्यात इथली हवाच इतकी दमट की नुसत्या पंख्याने आठवडा लागला असता. सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात दुसरा टप्पा केला. लेखांची पानं बचावली. नकाशा आठ दिवसांत आधीच चिकटून सुकला होता, तो गेलाच. ४ सप्टेंबरला उघडला असता आणि लगेच काही करायला वेळ नसता, तरी नुसता प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकला असता तर पुरलं असतं. गोठवल्याने पानं सुटत नाहीत, पण चिकटायची थांबतात.

परिणाम

१५ नोव्हेंबरला उत्तर आलं आणि ते माणसाने लिहिलेलं होतं. जूनचा छापील अंक संपला होता, त्याची पीडीएफ आणि वर्गणीत एक अंकाची वाढ मिळाली. ऑगस्टच्या नकाशाची पीडीएफ मिळाली. ऑक्टोबर आणि डिसेंबरचे अंक एकाच माग काढता येणाऱ्या पाकिटातून ४ डिसेंबरला निघाले. नूतनीकरण बंद झालं. फॉर्म पत्ता कापतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं, असं त्यांनी कबूल केलं. चार्जबॅकची गरज उरली नाही.

एक गोष्ट मात्र कोणी धरून चालला नव्हता. दिलगिरी म्हणून प्रकाशकाने पाकिटात फाशांचा एक संच भेट घातला आणि सीएन-२२ या सीमाशुल्काच्या चिठ्ठीवर प्रामाणिकपणे ‘मासिकं व फासे, भेट’ असं लिहिलं. नुसती मासिकं सहसा सरळ निघून येतात. फाशांमुळे पाकीट मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयात तपासणीला थांबलं. भेटवस्तूंना पूर्वी ५,००० रुपयांपर्यंत सूट होती, ती डिसेंबर २०१९ मध्ये गेली. अपवाद उरले जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. फासे राखीत मोडत नाहीत. १६ डिसेंबरला मुंबईत आलेलं पाकीट ९ जानेवारी २०२५ ला वेंगुर्ल्यात पोचलं आणि फाशांचं शुल्क पोस्टमनला रोख द्यावं लागलं. फासे सुंदर आहेत, पण त्यांच्यासाठी डिसेंबरचं साहस डिसेंबरात खेळता आलं नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि रंगवलेले गंजिफा मिळतात, तिथे फासे कातून घेता आले असते, ही टिप्पणी गटातल्याच एकाची.

ऑक्टोबरचा मूळ अंक फेब्रुवारीत ‘अपुरा पत्ता’ या शेऱ्यासह प्रकाशकाकडे परत गेला.

नकाशाची छपाई कुडाळला करून घेतली. पहिली प्रत वाया गेली. दुकानदाराने ‘पानात बसवा’ हा पर्याय ठेवला होता, त्यामुळे एक इंचाचे चौकोन आखूड झाले आणि त्यात पात्रांच्या छोट्या मूर्ती बसेनात. असा नकाशा ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के मापावरच छापायचा आणि आधी एका कोपऱ्याचं ए-४ छापून चौकोन पट्टीने मोजायचा : २५.४ मिलिमीटर. ए-२ चं यंत्र नसेल तर कागदोपत्री चार ए-४ पुरतात, पण प्रिंटर कडा सोडतो म्हणून प्रत्यक्षात सहा लागतात.

साहसाचं काय झालं, तेही सांगायला हवं. जूनचा भाग नसल्याने गेम मास्टरने मधला भाग ऑगस्टमध्ये जागच्या जागी रचून खेळवला होता, दशावताराच्या थाटात. नोव्हेंबरात पीडीएफ हाती आली तेव्हा कळलं की त्या रचलेल्या भागात मारला गेलेला वृद्ध नावाडी तिसऱ्या भागाचा मुख्य साक्षीदार आहे. त्याची जागा त्याच्या मुलीला द्यावी लागली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी जानेवारीतच होती. वर्गणी भरल्यावर खात्याच्या पानावर पत्ता जसा साठवला गेला तसा उघडून पाहायला एक मिनिट लागतं. आणि पहिला अंक आला त्या दिवशी पाकिटावरची चिठ्ठी वाचायला हवी होती. अंक मिळाला की पाकीट फाडून टाकायची सवय सगळ्यांनाच असते. फेब्रुवारीच्या चिठ्ठीवरही गाव नव्हतं. अंक आला म्हणजे पत्ता बरोबर, असं धरलं गेलं.

दुसरी संधी २९ जुलैची. ‘आठ आठवड्यांनी लिहा’ असं उत्तर आलं की ती तारीख त्याच दिवशी कॅलेंडरवर टाकायला हवी. ग्राहक सेवेच्या साच्यातल्या उत्तरात उपयोगाची गोष्ट बहुधा एकच असते, ती म्हणजे तारीख. तेव्हा लिहिलं असतं तर जूनचा छापील अंक कदाचित शिल्लक असता, आणि ऑक्टोबरच्या चिठ्ठीची यादीही गोठलेली नसती.

आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करायला हवं होतं. परदेशी प्रकाशकाच्या बाबतीत ते भारतीय कार्डावर चालेल याची खात्री नाही आणि न चालल्याचा परिणाम चालू वर्गणीवर होऊ शकतो. शेवटचा अंक निघाल्यावर हाताने भरणं बरं.

चार्जबॅक आधी करायला हवा होता का, यावर गटात आजही एकमत नाही. ज्यांचं मत तसं होतं ते म्हणतात की उत्तर चांगलं आलं हा योग होता. ते पूर्ण चूक नाही. प्रकाशक मोठा असता आणि ग्राहक सेवा बाहेरच्या कंपनीकडे सोपवलेली असती तर त्या मेललाही साच्यातलंच उत्तर आलं असतं. म्हणूनच २५ नोव्हेंबरची नोंद महत्त्वाची होती.

पावसाळ्याचा प्रश्न पत्त्याने सुटत नाही. दुसऱ्या वर्षासाठी गटाने प्रकाशकाला विचारून जून आणि ऑगस्टचे अंक रोखून ऑक्टोबरच्या अंकासोबत एकाच पाकिटात मागवले. प्रकाशकाने ते मान्य केलं, माग काढण्याचा जादा आकार गटाने भरला आणि फासे घालू नका अशी विनंती लिहून दिली. पावसाळ्यातली साहसं तोवर पीडीएफवरून खेळली जातात. तिसऱ्या वर्षी मात्र टपालाचा आकार वाढला आहे. छापील वर्गणी ठेवावी की नुसती पीडीएफ घेऊन नकाशे कुडाळला छापावेत, यावर गेल्या रविवारी मतं घेतली. तीन विरुद्ध तीन. गेम मास्टरने वीसपैलू फासा टाकून निर्णय घ्यायला नकार दिला.